सहा लाख रुपये, दीडशे मुले: पॅनेल घ्यावेत की ताई नेमाव्यात?

पारसिकपायथा (कळवा)

नमस्कार. कळव्यातील एका मराठी माध्यमाच्या महापालिका शाळेशी आमच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या गटाचा गेली तीन वर्षे संबंध आहे. आजवर आम्ही वह्या, दप्तरे आणि पावसाळ्याच्या तोंडावर रेनकोट एवढेच देत आलो. यंदा आमच्यातील एका सभासदाने स्वतःच्या निवृत्तीच्या रकमेतून सहा लाख रुपये देऊ केले आहेत. अट एकच आहे: मुलांना नीट वाचता यावे आणि आकडेमोड यावी, याच कामासाठी ही रक्कम खर्च झाली पाहिजे.

तिसरीत ४८, चौथीत ५२ आणि पाचवीत ५० अशी एकूण १५० मुले असून प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आहे. गटात चार सूचना आल्या. पहिली, प्रत्येकी १,३५,००० रुपयांचे चार इंटरॅक्टिव्ह पॅनेल (भिंतीवर लावायचे मोठे डिजिटल फळे) घ्यावेत. दुसरी, वस्तीतीलच बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेल्या तीन ताई दरमहा ९,००० रुपये मानधनावर दहा महिन्यांसाठी नेमून मागे पडलेल्या साधारण ७५ मुलांना रोज गटात शिकवावे. त्यात साहित्याचे २७,००० आणि प्रशिक्षण व देखरेखीचे ४५,००० रुपये मिळवले की खर्च ३,४२,००० रुपये होतो. तिसरी सूचना एक जादा शिक्षक नेमून सर्वांत मोठा वर्ग विभागण्याची, आणि चौथी शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीचे पुस्तकसंच वाटण्याची आहे.

मी साधा भागाकार केला. पॅनेलचा खर्च दर मुलामागे ३,६०० रुपये येतो, तर ताईंचा ४,५६० रुपये. म्हणजे पॅनेल स्वस्त पडतात आणि पुढच्या वर्षीही भिंतीवर राहतात. तरीही मन तयार होत नाही. अशी तुलना नेमकी कशी करावी, आणि कोणत्या उपायाने मुले खरोखर शिकतात याविषयी काही विश्वासार्ह माहिती आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

हिशेबनीस (वाशी)

आपला भागाकार बरोबर आहे. भाज्य तेवढे चुकले आहे. मी आयुष्यभर कारखान्याचा उत्पादनखर्च काढत आलो, त्यामुळे शिक्षणाचे तत्त्वज्ञान इतरांवर सोपवून फक्त हिशेबाचे बोलतो.

शिक्षणाच्या अर्थशास्त्रात हेन्री लेविन यांनी १९७५ च्या सुमारास एक पद्धत मांडली. तिला मराठीत ‘घटक पद्धत’ म्हणता येईल. उपक्रमाला लागणारा प्रत्येक घटक, म्हणजे माणसांचा वेळ, जागा, साहित्य, प्रशिक्षण, आधी कागदावर मांडायचा आणि मग प्रत्येकाची किंमत लावायची. तो घटक कोणी फुकट दिला असला तरीही. स्वयंसेवकाने दिलेले दोन तास आपल्या वहीत शून्य रुपयांचे असतात, पण उद्या तो स्वयंसेवक गावी निघून गेला की त्या दोन तासांची खरी किंमत कळते. दुसरी गोष्ट अशी, की अनेक वर्षे टिकणाऱ्या वस्तूचा सगळा खर्च एकाच वर्षावर टाकता येत नाही. पॅनेलचे आयुष्य पाच वर्षे धरले आणि गुंतलेल्या ५,४०,००० रुपयांवर ७ टक्के व्याज धरले, तर वर्षाचा बोजा सुमारे १,३२,००० रुपये येतो. वीज आणि दुरुस्तीसाठी २४,००० धरले की १,५६,००० रुपये, म्हणजे दर मुलामागे वर्षाला १,०४० रुपये. आपण मांडला त्याहूनही पॅनेल बरेच स्वस्त निघाले. इथपर्यंत पॅनेल विकणाऱ्याने टाळ्या वाजवायला हरकत नाही.

परंतु हा झाला केवळ खर्च. परिणामकारकता काढायची तर त्या खर्चात मूल किती पुढे सरकले, हे भाजक म्हणून घ्यावे लागते. वेगवेगळ्या चाचण्यांची तुलना करता यावी म्हणून संशोधक प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, हे माप वापरतात. कल्पना करा, की शंभर मुले गुणांच्या क्रमाने रांगेत उभी आहेत. बरोबर मधल्या, पन्नासाव्या मुलाची प्रगती ०.२८ प्रमाण विचलनाने झाली, तर ते साधारण एकसष्ट क्रमांकावर जाते. हा ०.२८ आकडा मी मुद्दाम घेतला, कारण तो आपल्याच भागातला आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला होता. त्यात वस्तीतील तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट रोज दोन तास शिकवत असत. त्याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून २००७ मध्ये प्रसिद्ध केला. आपली दुसरी सूचना जवळजवळ तीच आहे. तोच परिणाम आपल्याकडे मिळेल असे धरले, तर ४,५६० भागिले २.८ (०.२८ म्हणजे असे २.८ दहावे भाग), म्हणजे प्रमाण विचलनाच्या दर दहाव्या भागासाठी सुमारे १,६३० रुपये लागतात. तेवढ्याच भावात बसायला पॅनेलला जेमतेम ०.०६४ इतका परिणाम दाखवावा लागेल. तेव्हा पॅनेल महाग आहेत असे म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच, की हा छोटासा परिणाम तरी त्यांतून मिळतो का.

जाता जाता: लेविन यांनीच १९८० च्या दशकात दोन सहकाऱ्यांसह अमेरिकेतील चार उपायांची तुलना केली होती: वर्गातील मुले कमी करणे, शाळेची वेळ वाढवणे, संगणक वापरणे आणि वरच्या इयत्तेतील मुलांनी खालच्या मुलांना शिकवणे. दिलेल्या पैशात सर्वाधिक प्रगती शेवटच्या उपायाने झाली आणि शाळेची वेळ वाढवणे मागे पडले. शाळेत सहावी-सातवीचे वर्ग असतील तर हा उपाय तुमच्या यादीत पाचवा म्हणून जरूर घाला.

ऐरोलीकर

हिशेबनीस यांनी भाज्य सुधारले, पण भाजक तसाच राहिला. बालसखीच्या अभ्यासातील ०.२८ हा आकडा फक्त गटात बसलेल्या मुलांचा नाही. उपक्रम लागू झालेल्या वर्गांतील सर्व मुलांची ती सरासरी आहे, आणि त्यात ताईंकडे कधीच न गेलेली मुलेही धरली आहेत. त्यामुळे ३,४२,००० रुपयांना ७५ ऐवजी १५० ने भागले पाहिजे. तसे केले की दर मुलामागे २,२८० आणि दर दहाव्या भागासाठी ८१४ रुपये येतात. म्हणजे ताई निम्म्या भावात पडल्या. पण थांबा, ०.२८ हा दुसऱ्या वर्षीचा परिणाम आहे. पहिल्या वर्षी तो ०.१४ च होता. आपण एकाच वर्षासाठी ताई नेमणार असाल तर ०.१४ धरणेच प्रामाणिकपणाचे ठरेल, आणि मग उत्तर पुन्हा १,६३० रुपयांवर येते. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकले, हा निव्वळ योगायोग आहे. मात्र यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: असा उपक्रम दोन वर्षांचा असेल तरच हाती घ्यावा. शिवाय उपक्रम संपून वर्ष उलटल्यावर हा फायदा ०.१० च्या आसपास उतरला होता, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे.

मी स्वतः संगणकक्षेत्रात काम करतो, तेव्हा यंत्रांच्या बाजूनेही दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे. त्याच अभ्यासात बडोद्याच्या शाळांतील चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले होते आणि दुसऱ्या वर्षी गणितातील प्रगती ०.४७ पर्यंत गेली. ती बालसखीपेक्षा मोठी आहे. परंतु खर्चही तसाच होता: बालसखीला दर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर लागले, तर संगणकाला सुमारे पंधरा. अलीकडे दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीचा अभ्यास झाला. शाळेनंतरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतकी वाढ दिसली. उलट पेरू देशात सरकारने प्रत्येक मुलाच्या हाती लॅपटॉप दिला, तरी गणितात आणि भाषेत फरक पडला नाही.

या तिन्ही उदाहरणांतील फरक यंत्राच्या किमतीत शोधू नये. माइंडस्पार्क मूल कोठे चुकले ते पाहून त्याला त्याच्या पातळीचा पुढचा प्रश्न देते. पेरूच्या लॅपटॉपमध्ये शिकवण्याची अशी कोणतीही रचना जोडलेली नव्हती. आपण ज्या पॅनेलची चौकशी केली आहे, तो भिंतीवर टांगलेला मोठा, सुंदर आणि महागडा फळा आहे. तो ५२ मुलांना एकाच वेळी एकच गोष्ट दाखवतो, आणि ५२ मुलांना एकच गोष्ट दाखवणे हीच तर या वर्गाची मूळ अडचण आहे. जागतिक बँक आणि इतर संस्थांच्या पाठबळावर चालणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने २०२० मध्ये शिक्षणातील कोणत्या उपायावरचा खर्च सार्थकी लागतो हे सांगणारी ‘स्मार्ट बाय’ नावाची यादी काढली आणि २०२३ मध्ये ती सुधारली. इतर काही न बदलता केवळ साधने पुरवणे, हा प्रकार तिने वाईट खरेदीत टाकला आहे. मुलांच्या पातळीनुसार शिकवणे मात्र २०२३ च्या यादीत सर्वांत उत्तम खरेदीत आहे.

पाटीपेन्सिल (ठाणे पश्चिम)

मी एकतीस वर्षे ठाण्यात प्राथमिक शाळेत शिकवले आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. प्रमाण विचलन मला आज पहिल्यांदा नीट समजले, त्याबद्दल वरच्या दोघांचे आभार. आता वर्गात काय घडते ते सांगते.

चौथीच्या वर्गात फळ्यावर ५२ वजा ३७ हे उदाहरण घाला. बरीच मुले २५ असे उत्तर लिहितात. त्यांना वजाबाकी येत नाही असे नाही. ती पाचातून तीन वजा करतात, दोन लिहितात. मग दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन वजा करून पाच लिहितात. मोठ्यातून लहान वजा करायचे, हा त्यांनी स्वतःच शोधलेला नियम आहे, आणि तो ते इतक्या इमानाने पाळतात की वही पाहताना क्षणभर कौतुक वाटते. अशा मुलाला दशक सुट्टा करणे समजावायला दहा काड्यांची एक जुडी आणि पंधरा मिनिटे लागतात. ती पंधरा मिनिटे ५२ जणांच्या वर्गात मिळत नाहीत. शिक्षिका पुस्तकातल्या भागाकारावर पोहोचलेली असते, कारण अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो, आणि मधल्या दोन आठवड्यांत तिची सर्वेक्षणाच्या नाहीतर मतदारयादीच्या कामावर नेमणूक झालेली असते. वाचनाचेही असेच असते. ‘पाणी’ हा शब्द ‘पा... णी’ असा सोडवणारे मूल आणि गोष्टीचे पुस्तक घरी मागणारे मूल एकाच बाकावर बसलेले असते.

म्हणून पातळीनुसार गट करणे मला पटते. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे टप्पे आणि तसेच गणिताचे टप्पे ठरवून, इयत्ता विसरून मुलांना एकत्र बसवायचे. तोंडी चाचणीला एका मुलामागे पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. हे काम शिक्षक स्वतःही करू शकतात. हरियाणात २०१२-१३ मध्ये शाळेत एक तास यासाठी राखून ठेवला, शिक्षकांनाच तो घ्यायला लावला आणि वरून देखरेख नीट ठेवली, तेव्हा हिंदीत ०.१५ ची वाढ दिसली. त्याच्या आधी उत्तराखंडात स्वयंसेवक शाळेत दिले होते. पण शाळांनी त्यांना नेहमीच्या वर्गांवर जादा शिक्षक म्हणून वापरून टाकले आणि परिणाम शून्य आला. हे वाचून मला जराही आश्चर्य वाटले नाही. मोकळे हात दिसले की त्यांना हजेरीपट भरायला बसवायचे, ही आपली जुनी सवय आहे. ताई नेमल्यात तर त्यांचा तास, त्यांचा गट आणि त्यांची जागा मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.

जादा शिक्षकाच्या सूचनेबद्दल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांत साधारण तीस मुलांमागे, आणि पट दोनशेवर असेल तर चाळीस मुलांमागे, एक शिक्षक हवाच, तेव्हा तो शाळेने प्रशासनाकडे मागितलाच पाहिजे. देणगीदाराने तो खर्च उचलू नये. आणि वर्ग लहान झाला की प्रगती आपोआप होते, असेही नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चाललेल्या प्रयोगात २२ ते २५ मुलांचे वर्ग १३ ते १७ वर आणले, तेव्हा सुमारे ०.२ चा फायदा झाला. तो खरा होता, पण महाग होता. तेच कॅलिफोर्नियात १९९६ पासून राज्यभर घाईने लागू केले, तेव्हा इतके शिक्षक आणायचे कोठून, हा प्रश्न उभा राहिला आणि अप्रशिक्षित माणसे घ्यावी लागली. आमच्या जवळचे उदाहरण बालसखीचेच आहे: काही मुले ताईंकडे गेल्याने मागे उरलेल्यांचा वर्ग बराच लहान झाला, तरी त्या उरलेल्या मुलांच्या गुणांत वाढ झाली नाही. शिकवण्याची रीत तीच राहिली, तर पन्नासांना जे शिकवायचे तेच तीसांना शिकवले जाते.

शिष्यवृत्तीचे संच कोणाच्या उपयोगी पडतील, हे सांगायला संशोधन कशाला हवे? तरी केनियात ते झाले आहे. तेथे शाळांना पाठ्यपुस्तके दिली तेव्हा सरासरी गुण हललेच नाहीत. आधीपासून पुढे असलेली मुलेच तेवढी आणखी पुढे गेली. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेकांना ती वाचताच येत नव्हती.

पॅनेलबद्दल एवढेच सांगते, की एका शाळेत माझ्या डोळ्यांसमोर असा एक पॅनेल बसवला गेला. उद्घाटनाला हळदकुंकू लावले, हार घातला. मी निवृत्त झाले तेव्हा हार काढला होता, पण कडेला कुंकवाचे बोट तसेच होते, आणि खोलीची किल्ली कपाटात होती, कारण ‘मुले खराब करतील’.

तुर्भेनाका

थोडक्यात लिहितो. चाचणी घेताना मुलाला फळ्यावरचे दिसते का, हेही पाहा. चीनच्या पश्चिम भागातील ग्रामीण शाळांत नजर कमी असलेल्या मुलांना मोफत चष्मे दिले, तेव्हा गणितात ०.११ इतकी वाढ झाल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळेत तपासणी होते. पण तपासणीचा कागद आणि नाकावरचा चष्मा यांत बरेच अंतर असते. माझ्या भाचीचा चष्मा त्या कागदानंतर सात महिन्यांनी झाला. दीडशे मुलांत दहा-बाराच मुले निघतील, आणि त्यांचा सगळा खर्च तुमच्या एका पॅनेलच्या शेजारीही उभा राहणार नाही.

ऐरोलीकर

एक राहिले. जूनमध्ये चाचणी आणि मार्चमध्ये चाचणी घेऊन ‘एवढी प्रगती झाली’ असे देणगीदाराला सांगू नका. नऊ महिन्यांत मुले काहीही न करता थोडी पुढे जातातच. बालसखीच्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून काही शाळांत तिसरीला आणि काही शाळांत चौथीला ताई दिल्या आणि पुढच्या वर्षी अदलाबदल केली. त्यामुळे तुलनेला तशाच शाळेतला, तेवढ्याच वयाचा वर्ग नेहमी हाताशी होता. एका शाळेत तेवढे जमणार नाही. पण शेजारच्या शाळेत त्याच आठवड्यात तीच चाचणी घेण्याची परवानगी मिळाली, तर काही तरी धरून बोलता येईल.

पारसिकपायथा (कळवा)

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत झालेले कळवतो.

पाटीपेन्सिल यांनी सांगितलेले उदाहरण मी चौथीत स्वतः घालून पाहिले. त्या दिवशी ४६ मुले हजर होती. १९ जणांनी २५ लिहिले. आमचे देणगीदार शेजारीच उभे होते. त्यांनी एका मुलीला विचारले, की ५२ रुपयांतून ३७ रुपयांची भाजी घेतली तर किती उरतील. तिने बोटे मोडून बरोबर ‘पंधरा’ सांगितले, आणि वहीतले २५ मात्र खोडले नाही. पॅनेलचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही.

ऐरोलीकर यांचा मुद्दा धरून दोन वर्षांचा आराखडा केला आहे. तीन ताईंऐवजी दोनच नेमू. प्रत्येकी दोन गट, गटात अठरा-एकोणीस मुले. मानधन १,८०,०००, साहित्य २७,००० आणि देखरेख ४५,००० मिळून वर्षाला २,५२,००० रुपये, म्हणजे दोन वर्षांचे ५,०४,००० रुपये. उरलेल्या ९६,००० मधून चष्मे आणि उपक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा घ्यावयाची चाचणी. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी चाचणीला तोंडी होकार दिला आहे, लेखी अजून नाही. तासांचे वेळापत्रक आमच्या शाळेने लेखी दिले.

जागेची अडचण मात्र आहे. एका गटाला वाचनालयाची खोली मिळाली. दुसऱ्यासाठी जिन्याखालची, पोषण आहाराची पातेली ठेवतात ती जागा दाखवली आहे. साडेअकराला पातेली बाहेर निघतात आणि दीडला परत येतात, तेवढ्या वेळात तेथे अठरा मुले बसू शकतात, पण तेवढ्यातच त्यांची जेवणाची सुट्टीही येते. हिशेबनीस यांच्या पद्धतीप्रमाणे या जागेची किंमत धरायची असेल तर ती कोणत्या दराने धरावी, आणि त्याहीपेक्षा, मधल्या सुट्टीचा अर्धा तास मुलांकडून घ्यावा की ताईंची वेळ सकाळी परिपाठाआधी ठेवावी?